जिप्सीचा सैल दांडा आणि उद्यमनगरातले मामा

या वर्कशॉपला पाटी नाही, म्हणून नाव सांगता येत नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, दोन लेथच्या दुकानांच्या मधल्या बोळात पत्र्याची शेड आहे. आत एका वेळी जेमतेम दोन गाड्या मावतात. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. मे महिन्यात त्यांनी माझ्या जिप्सीचा गिअरचा दांडा दुरुस्त केला. लगेच लिहायचं नाही, एक पावसाळा जाऊ दे, असं मी ठरवलं होतं. पावसाळा गेला, गाडी चौतीसशे किलोमीटर चालली, आता लिहिते.

मी पशुवैद्य आहे. राधानगरी तालुक्यात एकवीस वर्षं खासगी प्रॅक्टिस करते. माझे निम्मे पेशंट डांबरी रस्त्यापासून लांब, धनगरवाड्यांवर असतात. गाडी १९९८ ची जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली, १२९८ सीसी, पाच गिअरची. मारुतीनं जिप्सी १९८५ च्या अखेरीस आणली. तिला आधी ९७० सीसीचं लहान इंजिन आणि चारच गिअर होते, किंग १९९६ ला आली. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ती मिळायची बंद होऊनही आता काही वर्षं झाली. मला अजून हीच गाडी लागते. टनभर वजनाची, अरुंद, जांभ्याच्या सड्यावर चढणारी आणि चिखलात रुतली तर चार माणसांनी ढकलली की निघणारी दुसरी गाडी माझ्या पैशात बसत नाही.

दांड्याचं दुखणं दोन वर्षं हळूहळू वाढत गेलं. आधी नुसती झिणझिण होती. तिसऱ्या गिअरमध्ये गाडीनं जरा वेग घेतला की दांडा आवाज करायचा आणि वर हात ठेवला की गप्प बसायचा. मग हात ठेवायची सवयच लागली. पुढं न्यूट्रलला दांडा कुठं उभा आहे हे कळेना. सैल दातासारखा तो चहूकडं हलायचा. दुसरा टाकायला जावं तर चौथा पडायचा आणि चढावर गाडी गुदमरून बंद व्हायची. सगळ्यात वाईट हाल रिव्हर्सचे. जिप्सी किंगला रिव्हर्स उजवीकडं खाली, पाचव्याच्या पाठीमागं असतो. दांडा उजवीकडं पूर्ण ओढावा तर तो माझ्या मांडीला टेकायचा आणि तरी आतला रिव्हर्स काही सापडायचा नाही.

फेब्रुवारीतली एक रात्र सांगते, म्हणजे मी एका दांड्यावर एवढं का लिहितेय ते कळेल. दाजीपूरच्या बाजूच्या एका वाड्यावरून साडेनऊला फोन आला, म्हैस अडलीय. निघाले. शेवटच्या चढाआधी वाटेत वाळलेला उंबर आडवा पडला होता. वीस-तीस फूट मागं जाऊन खालच्या वाटेला लागलं असतं की दहा मिनिटांत वाडा होता. रिव्हर्स पडेना. इंजिन बंद करून बघितलं, क्लच सोडून परत दाबून बघितलं, दांडा दोन्ही हातांनी ओढून बघितला. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला उतार, गाडी वळवायला जागा नव्हती. शेवटी गाडी तिथंच सोडून, बॅग आणि बादली घेऊन बॅटरीच्या उजेडात चालत गेले. पोचायला पाऊण तास गेला. रेडकाची मान मागं वळलेली होती. मान सरळ करून काढलं तोवर रेडकू गेलेलं होतं. म्हैस वाचली. ते रेडकू अर्ध्या तासात जगलं असतं की नाही हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण तो अर्धा तास माझ्या गाडीनं घालवला, हे मला माहीत आहे आणि ते मला अजून लागतं.

दुसऱ्या आठवड्यात एका गॅरेजला गाडी दाखवली. ते कुठलं, हे लिहीत नाही. तिथल्या माणसानं दांडा दोनदा हलवला आणि सांगितलं, सिंक्रो (गिअर न करकरता जुळवणाऱ्या रिंगा) गेलेत, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागेल, अडतीस हजार. हे कशावरून, असं विचारलं तर म्हणाले, जुन्या गाड्यांचं असंच असतं. मी जनावराला हात न लावता कधी निदान केलेलं नाही, त्यामुळं हे उत्तर मला पटेना. पैसे गोळा करायलाही वेळ लागला असता. दरम्यान आमच्या गावच्या दुधाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं मामांचं नाव सांगितलं. ‘ते आधी बघत्यात, मग पाना उचलत्यात,’ एवढंच तो म्हणाला. तेवढ्यावर मी गेले.

मंगळवारी सकाळी साडेआठला पोचले. उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना तो आवाज माहीत आहे: लेथचा घरघराट, कुठंतरी घणाचे ठोके, तापलेल्या लोखंडाचा आणि कूलंटचा वास. कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांचे आणि कास्टिंगचे दिवस ज्यांनी घडवले त्या हातांची पुढची पिढी अजून इथं बसते. कागदावर चित्र काढून दिलं तर संध्याकाळपर्यंत वस्तू हातात देणारी माणसं आहेत. मामांनी चहा मागवला आणि माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग दोनच प्रश्न विचारले.

‘चढावर ताकद लागती तवा गिअर आपोआप उडतो का?’

‘नाही मामा. पडला की पडलेला राहतो. तो पडणंच अवघड.’

‘टाकताना करकर?’

‘रिव्हर्सला कधीतरी. बाकी नाही.’

‘मग गिअरबॉक्स खोलायची घाई नको. बघूया.’

या दोन प्रश्नांचा अर्थ मी नंतर त्यांच्याकडून नीट समजून घेतला. जुन्या गाडीचा दांडा सैल झाला की बहुतेकांना गिअरबॉक्सचीच भीती घातली जाते, म्हणून तो इथं लिहिते. ताकद लागताना गिअर उडत असेल, तर दुखणं आत असण्याची शक्यता जास्त. दांड्यानं आत सरकणाऱ्या शिफ्ट शाफ्टला जागेवर धरणाऱ्या गोळ्या आणि स्प्रिंगा, गिअर गुंतवणारे फोर्क, किंवा गिअरचे दाते झिजलेले असू शकतात. पहिला-दुसरा-तिसरा टाकताना करकरत असेल तर सिंक्रोची पितळी रिंग किंवा क्लच बघायचा. पण गिअर बिनआवाज पडतो, टिकतो, फक्त तो कुठं आहे हे हाताला सापडत नाही, असं असेल तर आधी दांडा आणि त्याची बैठक तपासायची. जिप्सीच्या रिव्हर्सला सिंक्रो नसतो. त्यामुळं क्लच दाबल्यावर तीन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाकायचा. एवढं थांबूनही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजायचं. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो, तेव्हा आधी केबल बघायची.

मामांनी हेच क्रमानं केलं. इंजिन बंद ठेवून सीटवर बसले आणि एक हात दांड्यावर, दुसरा खाली पत्र्यावर ठेवून प्रत्येक गिअर सावकाश टाकून बघितला. मग गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सच्या माउंटिंगचे रबर बोटानं दाबून बघितले. रबर तुटले असतील तर अख्खा गिअरबॉक्सच हलतो आणि दोष दांड्यावर येतो. रबर ठीक होते. क्लचची केबल ओढून बघितली आणि थोडी घट्ट केली. नंतर मला गाडी चालवायला लावली, स्वतः बाजूला बसले आणि यल्लम्मा चौकाच्या बाजूला एक फेरी मारून आणली. चाळीस मिनिटं गेली आणि तोवर त्यांनी एकही नट खोललेला नव्हता. त्या चाळीस मिनिटांसाठी मी ही दुरुस्ती सगळ्यांत वरची मानते.

मग दांडा काढला. मूठ फिरवून काढली, वरच्या रबराचे स्क्रू काढले, आतलं रबर वर सरकवलं. जिप्सीला खाली टोपी असते. ती तळहातानं खाली दाबून डावीकडं फिरवली की सुटते आणि दांडा सरळ वर येतो. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, गाडीत बसूनच हे होतं. आतलं रबर दोन ठिकाणी फाटलेलं होतं. त्या फटीतून सात-आठ पावसाळ्यांची लाल माती आत गेली होती. दांड्याच्या मधल्या गोळ्याला बसायला जी प्लॅस्टिकची वाटी असते, ती मुळात पांढरी. माझी तांबूस तपकिरी झाली होती आणि बिस्किटासारखी मोडत होती. लाल माती, ग्रीस आणि प्लॅस्टिकचा चुरा, सगळ्याचं मिळून एक वाटण झालं होतं.

इथं मामांनी जे केलं ते बघून मी त्यांची झाले. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि वाटीचा एकेक तुकडा पुसून त्यावर मांडला. फुटलेली बशी जुळवावी तसे ते कडा जुळवत बसले. मला लगेच वार आठवली. जनावर व्यालं की वार पडते. ती पूर्ण पडली का, याची खात्री झाल्याशिवाय मी हात धूत नाही, कारण आत राहिलेला तुकडा सडतो. मामांच्या जुळवणीत एक चंद्रकोरीएवढा तुकडा कमी होता.

‘आत हाय,’ ते म्हणाले.

प्लॅस्टिकला चुंबक चालत नाही. त्यांनी मळलेल्या भागावर आधी ओलं फडकं फिरवून माती काढली, म्हणजे ती आत पडू नये. मग बोट आत घातलं, डोळे मिटले आणि चाचपत राहिले. तो चेहरा मला ओळखीचा आहे. गाभण म्हैस तपासताना माझाही तसाच होत असणार, कारण तेव्हा बघणं सगळं बोटाच्या टोकाला गेलेलं असतं. तुकडा बोटाला लागला पण निघेना. सायकलच्या आऱ्याच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावून त्यांनी तो चिकटवून वर आणला. वर्तमानपत्रावर ठेवला, वाटी पूर्ण झाली. मगच त्या भोकावर स्वच्छ फडकं कोंबलं आणि पुढच्या कामाला लागले. घाईतला मिस्त्री तो तुकडा आतच सोडून नवीन वाटी बसवून मोकळा झाला असता.

वाटीखेरीज आणखी एक दोष निघाला. दांड्याचं अगदी खालचं टोक गोल असतं आणि ते शिफ्ट शाफ्टच्या खाचेत बसतं. ते दोन बाजूंनी घासून चपटं झालं होतं. व्हर्निअर लावून मामांनी मला दाखवलं. न घासलेल्या दिशेच्या मानानं घासलेल्या दिशेला एक मिलिमीटरहून थोडं जास्त कमी. मला वाटलं, एवढंच? त्यांनी दांडा हातात आडवा धरला, मधल्या गोळ्याशी चिमटीत पकडला आणि म्हणाले, ‘बघा बाई, खाली चार बोटं आन् वर हातभर.’ टेकूच्या खालचा भाग आखूड, वरचा पाच-सहा पट लांब. तळाशी एक मिलिमीटर सैल असेल तर मुठीशी तेच पाच-सहा मिलिमीटर होतं. त्यात मधली वाटी फुटलेली, म्हणजे टेकूच जागेवर नाही. माझी मांडी आणि रिव्हर्स यांचं भांडण कशामुळं होतं, ते मला त्या क्षणी समजलं.

मी ऑनलाइन मागवलेली एक वाटी बरोबर नेली होती, साडेपाचशेची. मामांनी ती नाकारली नाही, आधी बसवून बघितली. उंचीला कमी होती, टोपी लावल्यावरही दांडा वरखाली होत होता, आणि नखानं दाबलं तर वळ उठत होता. ती त्यांनी मला परत दिली आणि शेजारच्या लेथवाल्या दादांकडं नेलं.

तिथं वस्तू कशाची करायची यावर दोघांचं बोलणं झालं. दादांचं म्हणणं पितळेची करू, जन्मभर टिकेल. मामांनी नको म्हटलं. पितळ टिकेल, पण इंजिनाची सगळी थरथर मुठीपर्यंत आणील, आणि घासायचीच वेळ आली तर दांड्याचा गोळा घासेल. ‘घासायचं तर स्वस्तानं घासावं, म्हागानं न्हवं.’ मग नायलॉन की डेलरीन, म्हणजे दुसरं एक कडक प्लॅस्टिक? नायलॉन ओल शोषून फुगतं. आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळं ओलंच असतं, फुगलेल्या वाटीत दांडा अडकला तर पुन्हा तेच रडगाणं. डेलरीन पाणी जवळजवळ धरत नाही, लेथवर स्वच्छ कापलं जातं आणि गुळगुळीत राहतं. डेलरीन ठरलं.

पांढऱ्या गोल कांडीवर हत्यार टेकलं आणि शेवयांसारखे लांब पांढरे धागे निघायला लागले. बाहेरचा व्यास सोपा होता. कठीण होता तो आतला गोलावा, कारण दांड्याचा गोळा त्यात चहूबाजूंनी सारखा टेकायला हवा. फिटर लोक वापरतात तो निळा रंग मामांनी गोळ्यावर पुसटसा लावला, वाटीत फिरवून बाहेर काढला. वाटीत एकाच कडेला निळं उमटलं. दादांनी तिथलं जरासं उतरवलं, पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. चौथ्या वेळेला निळा डाग कडेनं पूर्ण गोल उमटला तेव्हा दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली. मी स्टुलावर बसून हे दीड तास बघत होते आणि फोन एकदाही बाहेर काढावासा वाटला नाही.

खालचं टोक भरायचं काम मामांनी स्वतः केलं. थोडं वेल्डिंग, थांबायचं, परत थोडं. एकदम तापवलं तर दांडा वाकतो. मी पाण्याची बादली पुढं केली तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि टोक कोरड्या राखेत खुपसून ठेवलं. पाण्यात बुडवलं तर ते कडक होऊन तडकतं, राखेत हळूहळू निवतं. मग पत्र्याच्या तुकड्यात न घासलेल्या बाजूच्या मापाची खाच कापली आणि ती लावून बघत कानशीनं टोक गोल केलं. ही कानस तासभर चालली. शेवटी काळा पॉलिश पेपर.

आता तक्रारी. संध्याकाळी गाडी देतो म्हणाले होते, मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी. मला त्या संध्याकाळी दोन ठिकाणी लसीकरणाला जायचं होतं, ते रद्द करावं लागलं आणि लोकांना फोन करून माफी मागावी लागली. मामांनी दुपारी चारलाच ‘आज होत न्हाई’ असं सांगितलं असतं तर मी ट्रॅक्सनं परत गेले असते. फोन ते उचलत नाहीत. हात ग्रीसचे असतात हे मला समजतं, पण पन्नासेक किलोमीटरवरून येणाऱ्या माणसानं विचारायचं कुणाला? पोऱ्याकडं तरी फोन द्यावा. बसायला एक स्टूल आहे. बाईमाणसासाठी स्वच्छतागृहाची सोय त्या पूर्ण बोळात नाही. मी ओळखीच्या एका औषधाच्या दुकानात गेले, दुसरी कुणी कुठं जाईल? हे मी मामांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण अजून काही झालेलं नाही. बिल बेअरिंगच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून मिळतं. ज्यांना ऑफिसला बिल लावायचं आहे त्यांची अडचण होईल.

पैसे एकूण एकतीसशे पन्नास झाले. यात डेलरीनची वाटी आणि लेथचं काम साडेसहाशे, दांड्याचं वेल्डिंग आणि घडण पाचशे, दोन दिवसांची मजुरी बाराशे आणि बाकी ऑइल, ग्रीस, किरकोळ. अडतीस हजारांशी तुलना ज्यानं त्यानं करावी.

ऑइलचं थोडं सांगते, कारण इथं बरेच जण चुकतात. मामांनी खालचा बोल्ट खोलून जुनं ऑइल एका पांढऱ्या झाकणात घेतलं आणि उन्हात तिरकं धरलं. पितळेची सोनेरी चमक जास्त दिसली असती तर सिंक्रोचा विषय पुन्हा काढावा लागला असता. तशी ती नव्हती. मग नवीन ऑइल १.३ लिटर गिअरबॉक्समध्ये आणि ०.८ लिटर ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मागं स्वतंत्र टांगलेला असतो. एकाचं ऑइल बदललं म्हणजे दुसऱ्याचं बदललं असं होत नाही. गिअरबॉक्ससाठी त्यांनी जीएल-४ दर्जाचंच ऑइल आणायला लावलं. दुकानदार जीएल-५ देत होता, वरचा नंबर म्हणजे चांगलं असं सांगून. जीएल-५ मध्ये गंधकाची रसायनं जास्त असतात आणि पितळी रिंगांना ती बाधू शकतात, म्हणून मामा सिंक्रोच्या गिअरबॉक्समध्ये ते घालत नाहीत.

फाटलेलं आतलं रबर त्या दिवशी कोल्हापुरात मिळालं नाही. मामांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा कापून, क्लिप आवळून बसवला आणि स्पष्ट सांगितलं, ‘ही पट्टी हाय, औषध न्हवं. दोन महिन्यांत खरं रबर आणा.’ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती ट्यूब खरंच फाटली. तोवर मी पुण्याच्या नाना पेठेतून रबर मागवून ठेवलं होतं. ते बसवायचे मामांनी पैसे घेतले नाहीत, पण टोपी काढून वाटी मात्र बघितली. वाटी पांढरी, कोरडी, ग्रीस स्वच्छ. ज्यांच्या जिप्सीत दांड्याच्या बुडातून धूळ किंवा ऑइलचा वास येतो त्यांनी बाकी काही नाही केलं तरी ते रबर आधी बदलावं. तीन-चारशे रुपयांच्या रबरामुळं माझी वाटी गेली, वाटीमुळं दांड्याचं टोक गेलं, आणि तसंच चालवत राहिले असते तर पुढं खाच गेली असती. खाच गेली की मग खरोखरच गिअरबॉक्स खोलावा लागतो.

दुरुस्तीनंतरचे पहिले आठ दिवस दांडा जड होता. सकाळी थंड गाडीत दुसरा टाकताना जोर लागायचा. मामांनी हे आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळं घाबरले नाही. पंधरा दिवसांत बैठक मोकळी झाली. आता न्यूट्रलला दांडा मधोमध, तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आपोआप येऊन उभा राहतो. बाजूला ढकलला तर स्प्रिंगचा विरोध हाताला कळतो, जो मी विसरूनच गेले होते. झिणझिण गेली. रिव्हर्स टाकताना दांडा मांडीपासून चांगला चार बोटं लांब थांबतो आणि आत बसल्याचा ठक असा आवाज येतो. पूर्ण पावसाळ्यात एकदाही रिव्हर्स चुकला नाही. यात ऑगस्टमधला तो आठवडाही आला, जेव्हा पाऊस थांबतच नव्हता आणि मी रोज वाड्यांवर घटसर्पाच्या मागं होते.

फेब्रुवारीतल्या त्या वाड्यावर सप्टेंबरात परत जाणं झालं. तीच म्हैस, आता पुन्हा गाभण, साडेतीन महिन्यांची. तपासून निघाले तेव्हा अंधार पडत होता आणि पडवीसमोर गाडी वळवायला जागा नव्हती. म्हातारीनं घरातल्या दोन्ही पोरांना हाक मारली, ‘बाईंची गाडी ढकला रं.’ पोरं पुढं झाली. मी रिव्हर्स टाकला, गाडी गडग्याच्या कडेनं सरळ मागं गेली आणि पोरं बाजूला उभी राहून बघत राहिली.

मामांकडं कुणी जावं, कुणी नाही? ज्यांना फोनवर दर आणि वेळ ठरवून, गाडी ठेवून, संध्याकाळी किल्ली घ्यायची आहे त्यांना तिथं त्रास होईल. ज्यांच्याकडं जुनी जिप्सी, महिंद्राची जीप, एमएम ५४० असं काही आहे, आणि दिवसभर तिथं थांबून आपल्या गाडीचं दुखणं समजून घ्यायची तयारी आहे, त्यांनी जरूर जावं. सोबत पाण्याची बाटली आणि डबा न्यावा. सोमवारी बंद असतं. सकाळी नवाच्या आत पोचलात तर पहिला नंबर लागतो. बोळात शिरायच्या आधी गाडी बाहेर लावून चालत जाऊन विचारावं, कारण आत वळवता येत नाही.

माझं एक काम अजून राहिलंय. मोठा दांडा गप्प झाल्यावर ट्रान्सफरच्या लहान दांड्याची कुरकुर ऐकू यायला लागली. ती आधीपासूनच असणार, मोठ्या आवाजात झाकली गेली होती. फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा सावकाश गिअर, टाकताना तोही जरा शोधावा लागतो. रबर बसवायला गेले तेव्हा मामांनी तोही हलवून बघितला आणि दिवाळीनंतर या म्हणाले. माझ्या वाटीतून उरलेली डेलरीनची कांडी त्यांनी फळीवर ठेवलीय. तिच्यावर निळ्या पेननं लिहिलंय: डॉक्टरीणबाई, ल्हान दांडा.